सुटीचा पोशाख

गेल्या हिवाळ्यात आम्ही चार दिवस अलिबागच्या बाजूला गेलो होतो. संध्याकाळी वाळूवर बसलो असताना माझ्या भाचीने आपला फोन माझ्यापुढे धरला. कुणी एक नामांकित नटी सुटीवर गेली होती आणि तिच्या त्या सुटीची छायाचित्रे जगजाहीर झाली होती. पाठ पूर्ण उघडी, कमरेपासून चिरलेला झगा, झग्यावर माडाच्या झावळ्यांची नक्षी. "मावशी, काय बोल्ड आहे ना!" भाची म्हणाली. मी चष्मा सारखा करून पाहिले. छायाचित्र सुंदर होते, यात शंका नाही.

मग मी मान वर केली. समोर दोन वयस्क कोळिणी होडीतल्या पाट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून किनाऱ्याकडे येत होत्या. लुगडी गुडघ्यांच्या वर खोचलेली, काष्टा घट्ट, उघडे पाय भिजून चकाकत असलेले. किनाऱ्यावर शंभरएक माणसे तरी होती. त्यांतल्या कुणाच्याही तोंडून त्या दोघींसाठी 'बोल्ड' हा शब्द निघाला नाही. कुणी त्यांच्याकडे नीट पाहिलेसुद्धा नाही. "आणि या ग?" मी विचारले. भाची हसली. "इश्श, त्या काय, कामावर आहेत!"

पोरगी सहज बोलून गेली. पण ज्या विषयावर जगातल्या मोठमोठ्या मासिकांतून पानेच्या पाने खर्ची पडतात, त्याचे मर्म त्या चार शब्दांत आले होते. तेच गुडघे कामावर असले की कुणाला दिसत नाहीत आणि सुटीवर गेले की धीट ठरतात, हे कसे? दिवाळीत घरोघर नव्या कपड्यांचा विचार चाललेला असतो. म्हणून या वेळी एखाद्या कादंबरीऐवजी कपड्यांचेच परीक्षण करावे, असे मी ठरवले. कपडा हीदेखील एक रचनाच आहे. तिला कर्ता असतो, परंपरा असते, आणि बरे-वाईट ठरवण्याची कसोटीही असते.

सुटीचे कपडे हा युरोप-अमेरिकेतल्या पेढ्यांचा एक स्वतंत्र हंगामच आहे. वसंत-ग्रीष्म आणि शरद-हेमंत हे त्यांचे दोन मुख्य हंगाम. त्यांच्या मधल्या सांदीत जे कपडे काढले जातात, त्यांना 'क्रूझ' किंवा 'रिसॉर्ट' कलेक्शन म्हणतात. उत्तरेकडची थंडी चुकवून जहाजाने उबदार किनाऱ्यांकडे जाणाऱ्या श्रीमंतांसाठी हे कपडे निघाले, म्हणून हे नाव. आता ते साधारण मे महिन्यात दाखवतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास दुकानांत आणतात. जहाजाने जाणारे थोडे उरले. कपडे मात्र वाढतच गेले. पूर्वी हंगामांच्या फटीत बसणारा हा धाकटा हंगाम आता थोरल्यांच्या पंगतीला बसतो.

या साऱ्याच्या मुळाशी कोको शानेल ही बाई आहे. १९१३ साली तिने दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी दुकान थाटले आणि १९१५ साली बियारित्झला दुसरे. त्या काळी हवापालटाला येणाऱ्या बायकाही कमरेला आवळून, गळ्यापर्यंत गुंडाळून घेऊन वाळूवर बसत. शानेलने काय केले? पुरुषांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरले जाणारे जर्सी नावाचे मऊ विणीचे कापड घेतले आणि त्याचे बायकांसाठी सैल पोशाख बेतले. खलाशांचे आणि कोळ्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे सदरे तिने स्वतः अंगात चढवले. दोव्हिलला आलेल्या श्रीमंत बाईला प्रथमच हात वर करता आले, वाकता आले, भराभर चालता आले. एका अर्थी ती मुक्तीच होती आणि तिचे श्रेय नाकारणे कोतेपणाचे होईल.

पण ही मुक्ती आली कुठून, तेही पाहिले पाहिजे. जो सदरा घालून खलाशी दोर ओढत होता, तोच घालून आता कुणी आरामखुर्चीत बसले. हात मोकळा राहावा ही खलाशाची गरज होती. बाईच्या अंगावर आल्यावर ती ऐट झाली. मला तर वाटते, सुटीच्या पोशाखांच्या सबंध इतिहासाचे हेच सूत्र आहे. सुटीचा प्रत्येक पोशाख हा मुळात कुणाच्या तरी कामाचा पोशाख असतो. ज्याला राबायचे असते तो आपले कपडे सुटसुटीत करून घेतो आणि ज्याला विसावायचे असते तो ते त्याच्याकडून उचलतो. उचलण्यात दोष नाही. कला उचलाउचलीवरच जगते. मात्र उचललेल्या वस्तूचे पुढे काय होते आणि जिथून उचलली तिथले काय होते, हे प्रश्न टीकाकाराने विचारलेच पाहिजेत.

दुसऱ्या प्रश्नाचे एक भयंकर उत्तर सुटीच्या सर्वांत प्रसिद्ध कपड्याच्या नावातच दडले आहे. ५ जुलै १९४६ रोजी पॅरिसच्या एका तरणतलावावर लुई रेआर या गृहस्थाने दोन तुकड्यांचा पोहण्याचा पोशाख जगापुढे ठेवला. नेहमीच्या मॉडेल मुली तो घालायला तयार होईनात. शेवटी मिशेलिन बर्नार्दिनी या नर्तकीने तो घातला. रेआरने त्याचे नाव ठेवले 'बिकिनी'. चारच दिवसांपूर्वी, १ जुलैला, प्रशांत महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने अणुबाँबची चाचणी घेतली होती आणि ते नाव वर्तमानपत्रांतून गाजत होते. त्या चाचणीसाठी बेटांवरच्या १६७ माणसांना मार्च महिन्यात घरदार सोडावे लागले होते. पुढे काही कुटुंबे परतली. पण अंगात किरणोत्सर्गी द्रव्ये भिनत असल्याचे आढळल्यावर १९७८ साली त्यांना पुन्हा उठावे लागले. ज्या किनाऱ्यावर नांदण्याची सोय उरली नाही, त्याचे नाव जगातल्या सगळ्या किनाऱ्यांवर मिरवते आहे. ही गोष्ट मी पोशाखाला दोष देण्यासाठी सांगत नाही. कापडाच्या दोन तुकड्यांनी कुणाचे काही बिघडवले नाही. नाव ठेवणाऱ्याला ते नाव फक्त आवाजासाठी हवे होते, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता धिटाईकडे वळू. आपल्याकडे हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, संस्कृती बुडाली. दुसरा म्हणतो, स्त्री स्वतंत्र झाली. दोघेही कापडाची लांबी मोजतात. भांडण होते ते फक्त पट्टी कोणत्या बाजूने धरायची याचे. मला दोन्ही पट्ट्या बाजूला ठेवून एक जुने उदाहरण द्यायचे आहे. बिकिनीच्या आठ वर्षे आधीचे, आणि तेही थेट कोल्हापूरचे.

१९३८ साली कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सने 'ब्रह्मचारी' हा चित्रपट काढला. लेखणी आचार्य अत्र्यांची, दिग्दर्शन आणि नायकाची भूमिका मास्टर विनायकांची. औदुंबर नावाचा तरुण एका व्याख्यानाने भारावून ब्रह्मचर्याची शपथ घेतो आणि किशोरी त्याच्या शपथेची परीक्षा पाहते. पोहण्याच्या पोशाखात पाण्याकाठी गाणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर त्या काळी केवढी खळबळ उडवून गेल्या, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांकडून पुष्कळांनी ऐकले असेल. नाके मुरडली गेली आणि तिकिटेही खपली. पण तो प्रसंग आज पाहिला तरी शिळा वाटत नाही. का? कारण तिथे पोशाखाला काम आहे. ती पाण्याशी आहे म्हणून तो अंगावर आहे, आणि औदुंबराचे ढोंग उघडे पाडायचे आहे म्हणून तो कथेत आहे. तो पोशाख हाच अत्र्यांचा युक्तिवाद आहे. शिवाय त्याची किंमत मोजायची होती ती त्या बाईंना. मराठी पडद्यावरच्या स्त्रीने तसे उभे राहणे म्हणजे काय, हे १९३८ सालच्या समाजात त्यांना ठाऊक नसेल असे थोडेच आहे! या प्रसंगाला मी धीट म्हणेन. पुढे १९६६ साली शर्मिला टागोर बिकिनी घालून 'फिल्मफेअर'च्या मुखपृष्ठावर आल्या, तेव्हाही गहजब झाला. त्याच शर्मिलाबाई २००४ साली सेन्सॉर बोर्डाच्या अध्यक्षा झाल्या. समाज पट्टी धरून बसतो खरा, पण ती पट्टी लवकरच आखडते, एवढे यावरून दिसते.

याच्या शेजारी अलीकडच्या काळातला सर्वांत गाजलेला धीट झगा ठेवून पाहू. २३ फेब्रुवारी २००० रोजी ग्रॅमी पारितोषिकांच्या समारंभाला जेनिफर लोपेझ ही गायिका व्हेर्साचे या पेढीचा हिरवा, पारदर्शक, नाभीच्याही खाली गळा उतरलेला झगा घालून आली. त्यावर रानातल्या पानांची, बांबूची नक्षी होती. अगदी उष्ण किनाऱ्यावरच्या सुटीचे चित्र. तो इतक्या लोकांनी संगणकावर शोधला, की केवळ शब्दांनी शोधून भागत नाही, चित्रेही शोधता आली पाहिजेत, ही निकड गूगलला त्यावरून जाणवली, असे त्या कंपनीचे एरिक श्मिट यांनी २०१५ साली लिहिले. खरी गंमत पुढेच आहे. तोच झगा त्याआधी काही आठवड्यांच्या अवधीत खुद्द डोनातेल्ला व्हेर्साचेने घातला होता आणि जेरी हॅलिवेल या गायिकेनेही घातला होता. तेव्हा जग हलले नाही. धिटाई जर कापडात असती, तर ती तेव्हाही दिसली असती. मग ती कशात होती? चालण्यात, मान वर ठेवण्यात, 'मला पाहा' असे न म्हणताही पाहायला लावणाऱ्या त्या सहजपणात. गाण्याचे शब्द तेच असतात आणि गाणारा बदलला की गाणे बदलते, तसेच हे.

मात्र एक गोष्ट विसरू नये. त्या रात्री ती बाई सुटीवर नव्हती, कामावर होती. तिचा झगा तिच्या धंद्याचा गणवेश होता आणि तिने तो उत्तम वापरला. आजच्या नामवंतांची सुटीची छायाचित्रे पाहताना माझे मन अडते ते इथे. पुष्कळदा पोशाख पेढीने पाठवलेला असतो, तो कसा घालायचा ते सांगायला पगारी माणूस असतो, छायाचित्र कुठल्या कोनातून घ्यायचे ते ठरलेले असते. म्हणजे हे कामच आहे; फक्त त्याला सुटीचे सोंग दिलेले आहे. कामाला काम म्हटले असते तर माझी तक्रार नव्हती. धिटाईत काही गमावण्याची शक्यता असावी लागते. इथे गमावण्यासारखे काहीच उरलेले नाही. सर्वांनी वाहवा करायची, हेही आधीच ठरल्यासारखे आहे.

पेढ्यांनीही हेच सोंग फार मोठ्या प्रमाणावर मांडले आहे. आता सुटीचे कपडे दाखवायला त्या जगभर हिंडतात. ३ मे २०१६ रोजी शानेलच्या पेढीने हवाना शहरातल्या प्रादो या जुन्या वृक्षवेष्टित रस्त्यावर आपले कलेक्शन दाखवले. कर्त्याचे नाव कार्ल लागरफेल्ड. १९८३ पासून २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने ही पेढी सांभाळली. कारागीर म्हणून तो असामान्य होता. जुन्या अमेरिकन मोटारींचे गुलाबी, मोरपंखी रंग त्याने कपड्यांत उतरवले, क्यूबन पुरुषांचा चुणीदार सदरा बायकांच्या अंगावर आणला, हे सर्व डोळ्यांना सुखावणारे होते. पण त्याने गनिमांची ती टोपीही घेतली, जी घालून क्यूबाचे क्रांतिकारक डोंगरांत लढले होते, आणि तिला चमकत्या टिकल्या लावल्या. पाहुणे उघड्या मोटारींतून आले; गावातले लोक अडथळ्यांपलीकडून आणि सज्जांतून पाहत राहिले. त्या देशात सरकारी नोकराचा महिन्याचा पगार सरासरी तीस डॉलरच्या आत होता आणि शानेलचे दुकान तिथे नव्हतेच. घरमालकाला बाहेर उभे करून त्याच्याच ओसरीवर मेजवानी झोडावी, तसा तो प्रकार झाला. दोन वर्षांनी, २०१८ साली, याच लागरफेल्डने पॅरिसच्या ग्राँ पाले या भव्य दालनात एक आख्खे जहाजच उभारले आणि त्याला शानेलच्या समुद्राकाठच्या बंगल्याचे 'ला पाउझा' हे नाव दिले. ते जहाज कुठेही जाणार नव्हते. मला हे दुसरे प्रदर्शन अधिक प्रामाणिक वाटते. नाटक आहे हे त्यात निदान लपवलेले नव्हते.

ही स्वारी आपल्या दारीही येऊन गेली. ३० मार्च २०२३ रोजी दिओर या पेढीने मुंबईत गेटवे ऑफ इंडियासमोर आपले कलेक्शन दाखवले. ते सुटीचे नव्हते, शरदाचे होते. पण परगावी जाऊन थाट मांडण्याची रीत तीच. त्याचे एक मात्र मनापासून कौतुक केले पाहिजे. पॅरिसच्या झग्यांवरचे भरतकाम मुंबईच्या कारखान्यांतून होत आले आहे. दिवसेंदिवस अड्ड्यावर ओणवे बसून माणसे टिकली टिकली टाकतात, आणि एरवी ही गोष्ट झग्याच्या आतल्या शिवणीसारखी आतच राहते. मारिया ग्राझिया किउरी या दिओरच्या तेव्हाच्या डिझायनर बाईंनी चाणक्य या मुंबईच्या संस्थेचे नाव जाहीरपणे घेतले. गेटवेच्या कमानीत उभे केलेले प्रचंड तोरण तिथल्याच हातांनी भरलेले होते. ही संस्था स्त्रियांना भरतकाम शिकवणारी शाळाही चालवते. तोरण दाराला लावायचे असते आणि ते दारालाच लावले होते. वस्तूला तिचे काम मिळाले आणि करणाऱ्याला त्याचे नाव, निदान संस्थेचे तरी.

याउलट जून २०२५ मध्ये मिलान शहरात जे झाले ते ताजे आहे. प्रादा या पेढीने पुरुषांच्या उन्हाळी कपड्यांत आखूड चड्ड्यांखाली जी पादत्राणे दाखवली, ती पाहताच कोल्हापूरकरांनी ओळखली. अंगठा तोच, पट्टा तोच. नाव मात्र कुठेच नाही. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले होते. गदारोळ उठला, तेव्हा ही प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे असे पेढीने पत्राने मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाशी आणि कर्नाटकातल्या तशाच महामंडळाशी तिचा करार झाला. इथल्या कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यायचे आणि जोडामागे सुमारे ८०० युरो किंमत ठेवायची, असे जाहीर झाले. नाव आले, काम आले. झाले ते बरेच झाले.

पण त्या दिवसांत आपण सगळे प्रादावर तुटून पडलो असताना माझ्या मनात एक खडा टोचत होता. पायताण मुळात शेतकऱ्याचे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेले जाड कातडे, खिळा नाही, चामड्याच्याच वादीची शिवण. ढेकळांतून, काट्यांतून चालण्यासाठी केलेली वस्तू. तिला सुटीची वस्तू कुणी केले? मिलानच्या आधी आपणच केले. अंबाबाईचे दर्शन झाले की चप्पल लाइनमध्ये जायचे, नाजूक वेणीची जोडी पसंत करायची आणि लग्नाकार्यापुरती घालून कपाटात ठेवायची. मीही गेले आहे. मी चाळीस रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस केली आहे आणि जिंकल्याच्या आनंदात वर भेळ खाल्ली आहे. ती वेणी कुणी वळली, हे मी विचारले नव्हते. प्रादाने नाव घेतले नाही म्हणून मी रागावले. माझ्या पायातल्या जोडीच्या कर्त्याचे नाव मलाही सांगता आले नसते.

काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात काव्याची कसोटी म्हणून औचित्य सांगितले आणि ते समजावताना दाखले घेतले ते दागिन्यांचे. भलत्या जागी घातलेला दागिना हसे करतो, असे. आपल्याकडे औचित्य म्हटले की लगेच पदर सावरायची आठवण करून देतात. मला वाटते, क्षेमेंद्राच्या मनात काही निराळे होते. वस्तू जिथे काम करते तिथे ती शोभते, उघडी असो वा झाकलेली. या कसोटीवर 'ब्रह्मचारी'तला पोशाख उतरतो, शानेलची जर्सी उतरते, गेटवेचे तोरण उतरते. टिकल्यांची गनिमी टोपी उतरत नाही. आणि कपाटात निजलेली माझी कोल्हापुरी जोडीही उतरत नाही, हे मी मान्य करते.

माझी आई दिवाळीचे नवे लुगडे पहाटे नेसत नसे. अभ्यंगस्नाने, फराळाची ताटे, आल्यागेल्याचे चहा, दुपारचे जेवण, भांडी, सारे उरकल्यावर चार वाजता ती घडी मोडायची. आम्हाला नवल वाटे. तिची सुटी तेव्हा सुरू होत असे आणि दिवे लावायच्या वेळी संपत असे. दोन तासांसाठी एक लुगडे. वर्षभरात तेवढाच तिचा 'हंगाम'. त्या लुगड्यात ती कशी दिसायची, हे मला आजही आठवते. कामाच्या लुगड्यात ती कशी दिसायची, ते मात्र आठवून पाहावे लागते. कोळिणींकडे न पाहणाऱ्या त्या शंभर माणसांत मीही एक आहे, ती अशी.

अलिबागहून परतताना भाचीने कुरकुरत विचारले, "मग मावशी, मी सुटीत घालू तरी काय?" मी म्हटले, "जे घालून पोहता येईल ते घाल." ती चिडली. पण या उन्हाळ्यात तिने पोहण्याचा साधा निळा पोशाख घेतला आणि जवळच्या तलावावर रोज पहाटे जाऊ लागली. पहिले पंधरा दिवस नाकातोंडात पाणी गेले. आता ती न थांबता आठ फेऱ्या मारते. तलावाच्या औषधी पाण्याने पोशाखाचा रंग पार विटला आहे. परवा तो दोरीवर वाळत होता. चांगला निघाला म्हणायचा.